टँकरच्या ओलीवरची फुलपाखरं

त्या सकाळी मी टँकरवाल्याशी भांडत होतो. कामोठ्यात राहणाऱ्याला यात नवल वाटायचं नाही. आमच्या सोसायटीचा टँकर बी विंगच्या मागे लागतो आणि पाइप टाकीला जोडेपर्यंत ड्रायव्हर भरपूर पाणी मागच्या मातीत सांडतो. वर आपल्यालाच म्हणतो, "काका, एवढं चालायचंच." माझा उभा जन्म कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर गेला, त्यामुळे माझा साधा आवाजही लोकांना भांडणासारखा वाटतो, आणि त्या दिवशी तर मी खरंच भांडत होतो. तेवढ्यात फोन वाजला. चौथ्या मजल्यावरून माझी थोरली बहीण, अक्का, बोलत होती. "विलास, भांडण राहू दे. वर ये." मला वाटलं, आवाज खिडकीतून वर गेला आणि बाईसाहेब चिडल्या. म्हटलं, "आलोच, याला जरा सरळ करतो." ती म्हणाली, "राहू दे म्हणते ना... हे उठत नाहीत." भांडताना ओढून घेतलेला पाइप हातात तसाच धरून मी उभा राहिलो. ड्रायव्हरनेच तो काढून घेतला. दिवाळीचे कंदील अजून बाल्कन्यांमधून उतरले नव्हते. आमचे दाजी झोपेत गेले, कुणाला काही त्रास न देता गेले, असं सगळे म्हणाले. मला झाला त्रास. अजून होतो.

दाजी म्हणजे अक्काचे मिस्टर, दत्ताराम. आमच्याकडे साताऱ्याला बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात आणि दाजी मेहुण्याला पाव्हणं म्हणतो. हे नातंच थट्टेचं. एकमेकांची उणी काढणं हा दोघांचाही हक्क असतो आणि तो आम्ही शेवटपर्यंत बजावला. अक्काला बघायला आले तेव्हा मी कॉलेजात होतो. अक्का पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, सगळे नाव-गाव-शिक्षण विचारायला लागले आणि नवरदेव मात्र तिच्या साडीकडे एकटक बघत बसलेले. आमच्या वडिलांनी खाकरून विचारलं, "काही विचारायचंय का?" तर म्हणाले, "ही साडी अंजिरी म्हणून घेतली का? अंजिरी न्हाई ही. अंजिराला एक थेंब तांबडा जास्त लागतो." आईचा चेहरा पडला, कारण साडी तिनेच निवडली होती. अक्का आत जाऊन म्हणाली, "हा माणूस मला नको." पुढे तिनेच होकार दिला. का, ते तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायची, "निदान बघतो तरी नीट."

दाजींचा धंदाच तो होता. तळोज्याला रंगाच्या एका कारखान्यात ते शेड जुळवायचे. कुणी खिडकीचा तुकडा घेऊन येई, कुणी जुन्या गाडीचा पत्रा, आणि तसाच्या तसा रंग बनवून मागे. दाजी पांढऱ्या रंगात एकेक थेंब काळा, निळा, पिवळा टाकत, पत्र्यावर ओढून वाळवत आणि दारात उजेडाला नेऊन बघत. मशीन आल्यावरही अडलेला रंग त्यांच्याकडेच येई. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "एक थेंब कमी हाय." हे वाक्य घरीही सुटलं नाही. आमटी, चहा, मुलीच्या लग्नातला मंडप, काहीही दाखवा, दाजी मान तिरकी करून बघणार आणि एक थेंब कमी असणार. अक्का एकदा वैतागून म्हणाली, "सोन्याचा मुकुट घातला तरी या माणसाला एक थेंब कमीच." दाजी म्हणाले, "सोनं तर पिवळ्याकडं फारच झुकतं."

रिटायर झाल्यावर त्यांचं कठीण झालं. डोळ्यांना काम नाही. कट्ट्यावर बसून राजकारण बोलणं त्यांना जमेना, टीव्हीवरचे रंग खोटे वाटत. मग एका सकाळी डिस्टेंपरची रिकामी बादली घेऊन ते बी विंगच्या मागे गेले, ती उपडी घातली आणि तिच्यावर बसले. मला वाटलं, टँकरवर लक्ष ठेवायला बसलेत. मी कौतुकाने खाली गेलो, तर टँकर निघून गेलेला आणि दाजी चिखलाकडे बघत बसलेले. "काय हरवलं का?" म्हटलं. त्यांनी हातानेच खाली बसायची खूण केली. सांडलेल्या पाण्याने ओली झालेली माती, आणि तिच्यावर फिकट पिवळी फुलपाखरं पंख मिटून ओळीने बसलेली. सोंडेने ओल शोषत होती. मला वाटायचं फुलपाखरू म्हटलं की फूल. ही आपली चिखलावर बसलेली, चहाच्या सुट्टीत आमचे मार्केटातले हमाल बसतात तशी. "मातीतला खार घेतात म्हणं," दाजी हळूच म्हणाले, "आमच्या सुनबाईनं मोबाइलवर बघून सांगितलं." आणि मग एकदम म्हणाले, "पाव्हणं, टँकरवाल्याला उगा बोलू नका. सांडू द्या की थोडं." मी कपाळाला हात लावला.

आता फुलपाखरांबद्दल लिहायचं खूळ दाजींच्या डोक्यात कुठून आलं, तर फळ्यावरून. आमच्या लिफ्टशेजारी एक फळा आहे. त्यावर 'उद्या पाणी येणार नाही' एवढंच कायम लिहिलेलं असतं, फक्त 'उद्या'चा वार बदलतो. वरचा अर्धा फळा पाण्याला लागतो, खालचा रिकामा. एका शनिवारी दाजींनी खडू घेतला आणि खाली लिहिलं, 'रविवारी सकाळी टँकर गेल्यावर बी विंगच्या मागे पाहुणे येणार आहेत. कृपया गाड्या तिथे लावू नयेत.' खाली सही नाही. पाण्याच्या सूचनेला लागूनच लिहिलं असल्यामुळे लोकांनी ते कमिटीचंच समजलं. कमिटीला वाटलं, वरून कुठून तरी निरोप आलाय आणि सेक्रेटरींनी लिहून घेतलाय. रात्रीतून बातमी पसरली की टाक्यांची तपासणी करायला साहेब येतायत. सकाळी जाऊन बघतो तर मागची सगळी जागा झाडून लख्ख, एकही स्कूटर नाही, आमचे चेअरमन इस्त्रीचा शर्ट घालून उभे आणि ए विंगच्या बायकांनी थर्मासमध्ये चहा आणलेला. टँकर आला, सांडला, गेला. दाजी बादली घेऊन आले आणि एवढी माणसं बघून बिचारे खूश झाले. त्यांना वाटलं, सगळे फुलपाखरंच बघायला आलेत. "थोडं मागं सरा, सावली पडती तुमची," असं चेअरमनला सांगून ते बसले. आणि खरोखर आले हो पाहुणे. आधी दोन, मग डझनभर, मग मोजायचं सोडून द्यावं इतके पिवळे. कुणाला हसावं की चिडावं कळेना. शेवटी सेक्रेटरी देसाईबाईंनी थर्मास उघडला आणि सगळ्यांनी उभ्याउभ्या चहा घेतला. चेअरमननी सुद्धा घेतला, पण दाजींशी महिनाभर बोलले नाहीत.

त्याच वर्षी सभेत विषय आला की मागची माती काढून तिथे पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि दुचाक्यांचं पार्किंग करायचं. विषय आणला बी विंगच्या सावंतांनी. त्यांच्या घरी दोन मोटरसायकली आणि त्या लावायला जागा नाही, म्हणजे माणूस चुकीचं काही मागत नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि कधी नव्हे ते आमचे दाजी उभे राहिले. कानाच्या पाळ्या लाल. शेवटी म्हणाले, "मला बोलाय येत न्हाई. लिहून दाखवतो." देसाईबाई मोठ्या मिश्कील बाई. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. दर रविवारी फळ्यावर तिथं काय बघितलं ते लिहायचं. एक रविवार चुकला की सोमवारी पेव्हरवाल्याला फोन. मंजूर?" हशा झाला, हात वर झाले आणि हा असला ठराव चक्क पास झाला. सावंतही हसले. त्यांना वाटलं असेल, म्हातारा चार रविवारांत कंटाळेल. मलाही तेच वाटलं होतं.

तर तसं झालं नाही. दाजी शाळेनंतर रंगांच्या नावांशिवाय काही लिहिलेला माणूस नव्हे. पहिल्या रविवारी फळ्यासमोर एवढा वेळ उभे की लिफ्टसाठी थांबलेली माणसं जिन्याने गेली. पण लिहिलं ते मला अजून पाठ आहे. 'टँकर गेल्यावर राहते त्या ओलीवर आज पिवळ्यांची बैठक होती. पिवळा म्हणजे हळदीचा नव्हे, हळद फार बोलते. हा लिंबाच्या सालीचा, तोही सावलीत वाढलेल्या लिंबाच्या. सगळ्यांची तोंडं एकीकडे. वारा आला तेव्हा सगळे मिळून एकदाच कलले.' मी वाचलं आणि दाजींकडे बघितलं. हेच का ते, आमटीत थेंब शोधणारे? मग मला कळलं की माणूस तोच आहे, कामही तेच आहे. पत्र्याच्या जागी फुलपाखरू आलं आणि थेंबांच्या जागी शब्द. ते एक शब्द लिहायचे, मान तिरकी करून लांबून बघायचे, बोटाने पुसायचे, दुसरा लिहायचे. लेंग्याला कायम खडू लागलेला. अक्का ओरडायची, "पुसायला फडकं दिलंय की." पण फडक्याने त्यांना चालत नसे.

त्यांना फुलपाखरांची छापील नावं नको असायची. सुनबाई हौसेने सांगायची, ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "नाव त्येंचं त्येंच्यापाशी. आपुन रंग बघू." एकदा कंपाउंडच्या रुईवर त्यांना पंख झिजलेलं एक केशरी फुलपाखरू दिसलं. त्या रविवारी लिहिलं, 'रुईवर आज जुना गडी होता. रंग उडालेला, कडा फाटलेल्या. आमच्या कारखान्यात असा माल परत यायचा. इथं तो सगळ्यात चांगल्या फुलावर जाऊन बसला आणि कोणी उठवलं नाही.' त्या दिवशी आमचे चेअरमन, जे स्वतः नुकतेच रिटायर झाले होते, फळ्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि वर जाऊन दाजींना घरी चहाला बोलावून आले. महिनाभराचा अबोला केव्हाच संपला होता, पण चहा त्या दिवशी झाला.

एक मात्र दाजींना कधी साधलं नाही. आमच्या अशोकाच्या झाडांवर वाढणारं एक काळं फुलपाखरू आहे, अंगभर हिरव्या टिकल्या. दाजी त्याला टिकलीवाला म्हणत. हे पठ्ठं ओलीवर बसलं तरी पंख थरथरवत राहतं, धड बघूच देत नाही. दाजींना त्या हिरव्याची शेड लावायची होती. पोपटी लिहिलं, पुसलं. कैरीचा लिहिलं, पुसलं. केळीच्या कोवळ्या पानाचा, तोही पुसला. मग हताश होऊन लिहायचे, 'टिकलीवाला आला होता. रंग जमला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसतो.' मी चिडवायचो, "दाजी, एवढे रंग जुळवले आणि एका टिकलीपुढे हात टेकले?" ते म्हणायचे, "टेकले न्हाईत. एक थेंब कमी हाय." त्यांच्या डोळ्यांत तेव्हा असा काही आनंद असायचा की मला वाटतं, तो रंग जमला असता तर त्यांनाच करमलं नसतं.

मग मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आणि खाली उतरायला बंदी. रविवार तर आला. दाजींनी मला बादलीवर बसवलं आणि स्वतः वर कानाला फोन लावून बसले. मी म्हटलं, "पिवळं हाय." "पिवळं कसलं?" "पिवळं म्हणजे पिवळं." "पाव्हणं, नुस्तं पिवळं असं काय नसतं बघा. मार्केटात आंबा कसला म्हणून विचारलं तर नुस्तं पिवळा सांगायचा काय?" आता मार्केटचं नाव काढल्यावर मी गप्प बसणार होय? मी नीट बघितलं. जन्मात पहिल्यांदा एखादं फुलपाखरू बघावं तसं बघितलं. म्हटलं, "कांद्याचं वरचं टरफल उन्हात धरल्यावर दिसतं ना, त्यातला तांबूसपणा काढला तर उरेल तसं." पलीकडे दाजींनी ते वाक्य स्वतःशीच एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाले, "लिवा फळ्यावर. अन् खाली तुमचं नाव घाला." मी नाव घातलं नाही, लाज वाटली. पट्टी सुटल्यावर त्यांनी खाली येऊन स्वतःच ते माझ्या नावासकट पुन्हा लिहिलं. आणि नवीन डोळ्याने जग बघून आले ते भलतेच खुशीत. म्हणाले, "अहो, पांढरं एवढं पांढरं असतंय!" मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं जरा पिवळसर दिसत होतं, आणि इतके दिवस ते तसंच लिहीत होते. त्या रविवारी फळ्यावर शुद्धिपत्र आलं, 'आजवरच्या मजकुरातले सर्व पांढरे रंग रद्द समजावेत. चूक फुलपाखरांची नव्हती.' सगळी सोसायटी हसली. दाजी सर्वांत जास्त.

असा माणूस गेला. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणेरावळे करंजाड्याला, साताऱ्याला आपापल्या घरी परतले. फळ्यावर शेवटच्या रविवारचा मजकूर तसाच होता. वरची पाण्याची सूचना रोज बदलायची, खालच्या ओळींना वॉचमनसुद्धा हात लावत नव्हता. एक दिवस देसाईबाईंनी मला लिफ्टपाशी थांबवलं. "विलासराव, ठराव तुमच्याच दाजींसाठी झाला होता. सुतक म्हणून मी सगळ्यांना गप्प केलं. पण परवा सावंतांनी विचारलं, फळ्याचं आता काय. या रविवारनंतर मला थांबवता येणार नाही हो." त्या बरोबरच बोलत होत्या. मी वर अक्काकडे गेलो. म्हटलं, "देऊन टाकू का जागा? दाजीच नाहीत तर..." अक्का चहा गाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं नाव घातलं होतं ना त्यांनी फळ्यावर? ते काय उगाच?" आणि दाराआडची बादली काढून तिने माझ्या पायाशी ठेवली.

रविवारी टँकर आला. ड्रायव्हर माझ्याकडे बघत जपून पाइप लावायला लागला. एक थेंब सांडू देईना. मी म्हटलं, "अरे सांड की जरा." त्याने माझ्या तोंडाकडे बघत पाइप जरा सैल सोडला. माती भिजली, टँकर गेला, मी बादलीवर बसलो. सुरुवातीला पिवळे आले. मग कुठून कोण जाणे, टिकलीवाला आला आणि अगदी माझ्या चपलेपुढे बसून थरथरायला लागला. मला दाजींची इतकी आठवण आली की समोरचं धूसर झालं. नाक पुसलं, पुन्हा बघितलं. कोथिंबीर म्हणावी तर नाही. काकडी नाही. भेंडी तर नाहीच. आयुष्यभर भाजीबाजाराच्या शेजारी बसलेला माणूस मी, एका हिरव्यापुढे गडबडलो. मग जाऊन खडू घेतला. पहिल्यांदा दाजींच्या शेवटच्या ओळी पुसाव्या लागल्या. फडकं होतं शेजारी, पण मी बोटानेच पुसल्या. आणि लिहिलं, 'टिकलीवाला आला होता. कोवळ्या मटाराच्या दाण्याचा हिरवा म्हणावा, पण एक थेंब कमी आहे. रंग जमला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसतो.' खाली नाव घातलं.

मागे वळलो तर सावंत उभे. हातात हेल्मेट. मनात म्हटलं, आता आणि याच्याशी भांडण. त्यांनी सगळं वाचलं, सावकाश वाचलं. मग म्हणाले, "मटार नाही वाटत मला. मटार पिवळ्याकडे जातो. हा थोडा निळ्याकडे आहे. मी गाडी पुसताना बघतो ना रोज." मी खडूची बोटं पुसली. म्हटलं, "मग या की रविवारी बसायला. बादली एकच आहे, बसायला काहीतरी घेऊन या." ते बरं म्हणाले आणि गाडीकडे गेले. दाजी रोज बादली वर घेऊन जात. मी ती खाली, ओलीपाशीच ठेवली आहे. तिच्या तळाला दाजींच्या बसण्याने रंग गेलाय, तेवढा गोल पांढरा दिसतो. मोतीबिंदूच्या आधीचा पांढरा की नंतरचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.